माझ्या नावाचे दगड

सर्वांत जास्त पायी गस्त घालणारा वनरक्षक म्हणून मला प्रमाणपत्र मिळालं, त्या दिवशी रेंज ऑफिसच्या सहा पायऱ्या चढताना मला मध्येच थांबावं लागलं. थांबलेलं कुणाला दिसू नये म्हणून मी खिशातून फोन काढला आणि त्यात काहीतरी बघितल्यासारखं केलं. धाप ओसरली तेव्हा उरलेल्या तीन पायऱ्या चढलो.

सव्वीस जानेवारी होती. झेंडावंदन झालं, बुंदी वाटली, मग साहेब बोलायला उभे राहिले. म्हणाले, "या माणसाकडून शिका. वय सेहेचाळीस. रोज नऊ-दहा किलोमीटर जंगल पायाखाली घालतो. ॲपमध्ये एक दिवस रिकामा नाही." टाळ्या पडल्या. मी पुढे गेलो, कागद घेतला, फोटोला उभा राहिलो. पोट आत ओढायला सांगितलं तेव्हा कळलं की ते आता आत जात नाही.

मागे दाराशी आमच्या बीटचा वनमजूर उकिडवा बसला होता. काठी गुडघ्यांत धरून तोही टाळ्या वाजवत होता. साठीला टेकलेला, वाळलेल्या शेंगेसारखा माणूस. ते नऊ-दहा किलोमीटर त्याचे होते.

मला लाज वाटली असं लिहिलं तर चांगलं दिसेल. पण वाटली नाही. आनंदही झाला नाही. बुंदी मात्र दोनदा घेतली, शुगर असून.

हे कसं सुरू झालं ते सांगतो. गस्तीला जाताना फोनवर ॲप चालू करायचं आणि फोन सोबत न्यायचा, असा नियम आला. आपण जिथे जाऊ तिथे फोनमध्ये रेघ उमटत जाते आणि ती साहेबांना दिसते. सुरुवातीचं वर्षभर मी इमानदारीनं फिरलो. मग एकदा ताप आला. तीन दिवस अंग उचलेना आणि रेघ तर काढायची होती. मी फोन वनमजुराच्या हातात दिला. म्हटलं, "भाऊ, आजच्या दिवस घेऊन जा." वयानं मोठा म्हणून मी त्याला भाऊ म्हणतो. तो गोंड, आमच्याच बीटमधल्या गावचा. मला तो 'नाकेदार साहेब' म्हणतो, कारण आमच्याकडे वनरक्षकाला सगळे नाकेदारच म्हणतात.

भाऊनं फोन अंगावरच्या फडक्यात, त्याच्या टापशीत, बांधला, टापशी कमरेला खोचली आणि गेला. दुपारी परत आला तेव्हा फोनमध्ये अशी सुंदर रेघ होती की मला तशी कधी काढता आली नव्हती. नाल्याच्या काठानं वर, खिंडीतून पलीकडे, बांबूच्या कुपातून, म्हणजे तोडीच्या पट्ट्यातून, वळसा घालून परत. ताप उतरला तरी चौथ्या दिवशी मी फोन त्याच्याच हातात दिला. त्यानं काही विचारलं नाही. वाटेत दोन ठिकाणी फोटो काढावे लागतात, तेवढं मी त्याला शिकवलं. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात त्याचा काळा, बारीक अंगठा यायचा. दोन वर्षं तो अंगठा माझ्या नावानं वर जात होता आणि कुणालाही तो माझा नाही हे दिसलं नाही. माझी बोटं तेव्हा पाहण्यासारखी गुबगुबीत होती.

तो जंगलात असायचा तेवढा वेळ मी मोटरसायकल घेऊन फाट्यावर जायचो. तिथे चहाची टपरी आहे. आलूभजे, चहा, पुन्हा चहा. येणारे-जाणारे नमस्कार करायचे. साडेअकराला खिंडीच्या अलीकडे रस्त्याला जाऊन उभा राहायचो, तो जंगलातून बाहेर यायचा, फोन माझ्या हातात द्यायचा. एवढंच आमचं काम.

आळस होता का? होता. पण नुसता आळस नव्हता. मला काही वाटेनासंच झालं होतं. त्याला कारण असं काहीच घडलेलं नव्हतं, म्हणून कुणाला सांगताही येत नव्हतं. घरी कुणी मेलं नाही, कुणाशी भांडण नाही, नोकरी पक्की. बायको आणि मुलगी सिंदेवाहीला भाड्याच्या घरात, मुलीच्या शिक्षणासाठी. मी जंगलातल्या क्वार्टरमध्ये, शनिवारी घरी. एकदा भर सकाळी माझ्या मोटरसायकलसमोरून वाघीण दोन पिल्लं घेऊन गेली. पूर्वी अशा वेळी माझ्या अंगावर काटा यायचा आणि चार दिवस मी तेच सांगत फिरायचो. या वेळी मी घड्याळ बघितलं आणि वेळ लिहून ठेवली. मुलीला बारावीला चांगले मार्क पडले. तिनं फोन करून सांगितलं. मी म्हणालो, "छान." पलीकडे ती थोडा वेळ थांबली, अजून काही येईल म्हणून. मग बायकोनं फोन घेतला आणि विचारलं, "तुमाले काईच वाटत नाई का हो?" मी म्हणालो, वाटते ना. ते खोटं होतं.

त्याच सुमारास तळपाय बधिर झाले. आधी मुंग्या यायच्या, मग त्याही येईनात. चपलेवर चालतोय की गादीवर, कळत नसे. मी त्याचंही काही मनावर घेतलं नाही. सगळाच माणूस बधिर असल्यावर पायांचं वेगळं काय घेऊन बसायचं!

तालुक्याच्या डॉक्टरकडे मी दर दोन महिन्यांनी जात होतो, गोळ्या संपतात म्हणून. डॉक्टर तरुण मुलगी आहे, मला काका म्हणते. पहिल्याच खेपेला तिनं विचारलं, "काका, चालणं किती?" मी ॲप उघडून फोन तिच्यापुढे धरला. ती बघतच राहिली. एवढं चालणारा पेशंट तिच्याकडे दुसरा नव्हता. पुढच्या खेपेला शुगर तशीच, उलट वर. तिनं पुन्हा रेघा बघितल्या, कपाळाला आठी घातली आणि म्हणाली, "चालणं तर तुमचं उत्तमच आहे. म्हणजे गोळ्याच लागू पडत नाहीयेत." आणि गोळी वाढवली. त्याच्या पुढच्या खेपेला दुसरी गोळी जोडली. भाऊ जंगलात जितका इमानानं चालत होता, तितकी माझी गोळी वाढत होती. मला हे समजत होतं. मी मूर्ख नाही. पण तोंड उघडण्यापेक्षा गोळी गिळणं सोपं होतं.

एकदा तिनं माझे पाय तपासले. डोळे मिटायला सांगितले आणि मासे धरायच्या दोऱ्यासारखा एक ताठ दोरा तळपायाला टोचत गेली. "टोचलं की हो म्हणा." मला काही टोचत नव्हतं. पण तिच्या हातात काचेची एक बांगडी होती आणि दोरा टेकवताना ती घड्याळाला लागून बारीक वाजायची. मी वीस-बावीस वर्षं जंगलात काढली आहेत, आवाजावरून जनावर कुठे आहे ते मला कळतं. बांगडी वाजली की मी हो म्हणायचो. डॉक्टर खूश झाली. म्हणाली, "पाय तरी चांगले आहेत, देवाची कृपा."

माझं काहीतरी केलं पाहिजे असं घरच्यांना वाटत होतंच. मुलगी मोबाईलवर व्हिडिओ पाठवायची. एका माणसाचे फार. तो समुद्राच्या काठानं उघडा पळायचा आणि पळता पळता सांगायचा की आजच सुरुवात करा, उद्या नाही. आमच्याकडे असं कुणी पळालं तर लोक विचारतील, मागे काय लागलं? मी ते व्हिडिओ खाटेवर पडून पूर्ण बघायचो. बघून झाल्यावर आपणच पळून आलो असं वाटायचं आणि झोप छान लागायची. दिवाळीत तिनं शिकवणीतून साठवलेल्या पैशांतून बूट मागवून दिले. राखाडी, नारिंगी लेसचे, आत फोमची गादी. म्हणाली, "बाबा, फक्त पहिलं पाऊल टाका." मी सोमवारपासून म्हणालो. बूट खोक्यातच राहिले, आतला कागदाचा बोळासुद्धा काढला नाही. बायको शीतपेयाच्या बाटलीत कारल्याचा रस भरून एस.टी.च्या कंडक्टरजवळ द्यायची. तो मी क्वार्टरमागच्या पपईला घालायचो. पपईला फळं चांगली धरली.

कुणी म्हणेल, माणसानं मनाची तयारी केली पाहिजे. मी करत होतो. रोज करत होतो. पहाटे पाचचा गजर लावायचो, उठून बसायचो, मनाची तयारी करायचो आणि पुन्हा आडवा व्हायचो. मन नावाचं जे काही असतं, ते जागेवर असेल तर त्याची तयारी होते.

प्रमाणपत्र मिळाल्यावर आठ-दहा दिवसांनी भाऊ सकाळी क्वार्टरवर आला. मी नेहमीप्रमाणे ॲप चालू केलं आणि फोन पुढे धरला. त्यानं घेतला नाही.

"साहेब, या महिन्यानं मी घरी बसतो," तो म्हणाला. त्याची साठ वर्षं भरत होती. मी विसरलो होतो.

"हो का? मग पार्टी करू," मी म्हणालो.

"पार्टी ऱ्हाऊ द्या. एक काम हाये खिंडीत. तुमी आज संगं या."

"कसलं काम?"

"तिथीच सांगतो."

मला जायची इच्छा नव्हती. पण नाही म्हणायला कारण शोधावं लागलं असतं आणि तेवढाही उत्साह नव्हता. खाकी बुटांचा तळ कधीचा उखडला होता. मी खोकं काढलं, बोळा फेकला आणि मुलीनं दिलेले बूट घातले. हे माझं पहिलं पाऊल. त्यात स्फूर्ती वगैरे काही नव्हती.

फेब्रुवारीचा पहिला आठवडा. सागाची पानं गळून वाटेवर पडली होती, पाय टाकला की मोठ्यानं मोडायची. भाऊ पुढे, मी मागे. तो चालला की पानं वाजत नव्हती, मी चाललो की सगळ्या जंगलाला वर्दी. नाला ओलांडताना मी घसरलो, बुटात पाणी आणि वाळू गेली. भाऊनं विचारलं, "झाडून घेता का?" मी म्हणालो, चल. खाली वाकणं नको होतं. पहिल्या किलोमीटरला बनियान भिजलं. दुसऱ्याला मी भाऊला तीनदा थांबवलं, एकदा पक्षी दाखवायच्या निमित्तानं. पक्षी कुठला ते मलाही दिसला नव्हता. त्यानं तिकडे बघून मान डोलावली. माझ्या मानाची एवढी काळजी दुसऱ्या कुणी घेतलेली मला आठवत नाही.

खिंडीत एक दगडांचा ढीग आहे. फार वर्षांपूर्वी तिथे मोहफुलं वेचायला गेलेल्या एका बाईला वाघानं नेलं. तेव्हापासून त्या वाटेनं जाणारा प्रत्येक माणूस तिथे एक दगड ठेवतो. भाऊच्या लोकांत त्या जागेला पेन म्हणतात, म्हणजे देव. मी आलो, माझ्या पायांनी आलो, मला जाऊ दे, असं सांगायचं आणि दगड टाकायचा. नवीन होतो तेव्हा मीही टाकायचो. ढीग आता छातीएवढा झाला होता.

पण त्याच्या डाव्या हाताला, मोहाच्या झाडाखाली, दुसरा एक ढीग होता. गुडघ्याच्या वर आलेला. नीट रचलेला, वरच्या दगडांना अजून माती लागलेली. हा मी कधी पाहिला नव्हता.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"तुमचा," भाऊ म्हणाला.

मला समजलं नाही. तो ढिगाजवळ बसला आणि सावकाश सांगू लागला, माझ्याकडे न बघता. "फोन तुमचा. त्याच्यावर नाव तुमचं. रोज इथून जातो तं एक गोटा माह्या टाकतो, एक तुमचा. मोठ्या साहेबाले सांगाचं हाये का नाकेदार साहेब आले होते, तं इथी बी तेच सांगा लागते ना? इथी एक अन् तिथी एक, असं कसं सांगू?"

"मग तो वेगळा का रचला?"

तो म्हणाला, "खऱ्या ढिगावर खोटा गोटा कसा ठेवू, साहेब?"

मी त्या ढिगाकडे बघत उभा राहिलो. दोन वर्षांच्या सकाळी तिथे पडल्या होत्या. फाट्यावरच्या टपरीत मी जेवढ्या वेळा बसलो, तेवढे दगड. मोबाईलमधली रेघ पुसून जाते, डॉक्टरच्या कागदावर नुसतं 'चालणं: चांगलं' असतं. हे हाताला लागणारं होतं आणि एका म्हाताऱ्यानं ते रोज वाकून ठेवलं होतं.

"भाऊ, तू मला तेव्हाच काऊन नाई सांगितलं?" माझ्या तोंडून त्याचीच बोली निघाली.

"तुमी साहेब. फोन न्या म्हनलं, नेला." मग तो म्हणाला, "पन आता मी घरी जातो. हे असं ठेवून जावाले मन होत नाई. पेनाले दोन साल खोटं सांगतलं मी. तुमी आता असं करा. जवा जवा खरंच पायानं याल, तवा यातला एक गोटा उचला अन् तिकडं मोठ्यावर टाका. असं करता करता हा सरते."

"म्हणजे तू मला रोज चालायला सांगून राह्यला."

"मी काऊन सांगू?" तो जरा तडकूनच बोलला. त्याला तडकलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. "चाला का नोका चालू. मी माह्यं खोटं निस्तरून राह्यलो."

मी खाली बसलो. बसावंच लागलं. भाऊची नजर माझ्या बुटावर गेली. उजव्या बुटाची राखाडी जाळी पुढच्या बाजूला काळपट ओली झाली होती. मी म्हणालो, नाल्याचं पाणी. तो म्हणाला, "साहेब, रगत हाये."

बूट काढला. मोजा अंगठ्याखाली लाल झाला होता आणि चिकटला होता. बुटातून बोराच्या बीएवढा एक टोकदार खडा पडला. नाल्यापासून तो माझ्या पायाखाली होता. अख्खी चढण मी त्याच्यावर भार देत चढलो होतो. मला काहीही कळलं नव्हतं.

तेव्हा मी घाबरलो. वाघ समोर उभा राहिला असता तरी मी घड्याळ बघितलं असतं, पण त्या खड्याकडे बघून मी असा घाबरलो की डोळ्यांत पाणी आलं. आमच्या गावात एकाचा पाय असाच गेला होता, आधी अंगठा, मग घोटा, मग गुडघा. त्यालाही आधी काही दुखलं नव्हतं. माझा पाय माझ्याच अंगाला लागलेला आहे आणि मी त्याला दोन वर्षं विचारलंही नाही, हे मला त्या खिंडीत समजलं. आणि खरं सांगतो, त्या भीतीबरोबर थोडं बरंही वाटलं. निदान काहीतरी वाटलं होतं.

भाऊनं बाटलीतलं पाणी माझ्या पायावर ओतलं, टापशीचा कोपरा फाडून बांधला. मग तो खडा उचलून माझ्या तळहातावर ठेवला.

"आजचा हाच टाका," तो म्हणाला. "हा तुमच्याच पायानं आला."

मी टाकला. मोठ्या ढिगावर तो इतका बारीक होता की पडल्याबरोबर फटीत गेला आणि दिसेनासा झाला.

परत येताना भाऊनं मला काठी दिली. क्वार्टरपर्यंत पोचायला दोन तास लागले. मोटरसायकलवरून मी थेट तालुक्याला गेलो. डॉक्टरनं जखम धुतली आणि म्हणाली, "अहो काका, एवढं चालता, पायाची काळजी घेत नाही?"

मी म्हणालो, "बाई, मी चालत नाही."

तिला वाटलं, आजच्याबद्दल बोलतोय. मग मी सगळं सांगितलं. फोन, टापशी, टपरी. ती ऐकत होती. तिचा चेहरा आधी गोंधळला, मग रागावला. तिनं वाढवलेल्या गोळ्यांची नावं एकेक करून माझ्यापुढे वाचली. हे सगळं तुम्ही मला का घ्यायला लावलं, असं ती म्हणाली नाही, पण वाचण्याचा सूर तोच होता. मी मान खाली घालून बसलो. लाज वाटली. सव्वीस जानेवारीची तेव्हा वाटली.

"आता पुन्हा दोरा लावून बघा," मी म्हणालो. "आणि हातातली बांगडी काढा."

तिनं माझ्याकडे बघितलं, बांगडी काढून टेबलावर ठेवली आणि मी डोळे मिटले. बराच वेळ खोलीत काही आवाज नव्हता. मला एकदाही हो म्हणता आलं नाही. शेवटी तिनं खांद्याला हात लावून सांगितलं, "झालं, काका. डोळे उघडा."

आणि मग काय झालं, तर तिनं मला चालायला बंदी केली. जखम भरेपर्यंत पाय टेकवायचा नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा चालायचं मनात आलं आणि महिनाभर खाटेवर. रजा टाकून सिंदेवाहीला गेलो. बायकोनं कारल्याचा रस समोर उभं राहून पाजला, तेव्हा मला पपईची दया आली. मुलीला मी बूट दाखवले. रक्ताचा डाग तिनं दोन पाण्यांत धुतला, तरी राहिला. आता बूट घालण्याआधी हात घालून आतून चाचपायचे आणि रात्री पाय आरशात बघायचे, हे दोन नियम तिनं कागदावर लिहून दाराला लावले. मी तिला म्हणालो, "बारावीचे मार्क फार चांगले होते गं." तिला दोन वर्षांमागचं काय काढलं ते कळेना. "आत्ता काय बाबा," ती म्हणाली आणि हसली.

त्याच महिन्यात भाऊ निवृत्त झाला. त्याच्या निरोपाला मी नव्हतो. हार कुणी घातला, काय बोललं गेलं, मला ठाऊक नाही.

होळी झाल्यावर डॉक्टरनं परवानगी दिली. थोडं थोडं, पाय रोज बघून. पहिल्या सकाळी मी फाट्यावर गेलोच नाही, सरळ जंगलाच्या वाटेला लागलो, तर नाल्याशी भाऊ बसलेला. कुणी सांगितलं त्याला, देव जाणे.

"घरी बसून का करू?" तो म्हणाला.

फोन माझ्याच खिशात होता. नाला ओलांडल्यावर त्यानं काही न विचारता मला दगडावर बसवलं आणि मी बूट काढून झाडून घेतले. मोह गळत होता, वासानं वाट भरली होती, झाडांखाली बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या. मी सहा-सात ठिकाणी थांबलो आणि एकदाही पक्षी दाखवला नाही.

त्याला आता वर्ष व्हायला आलं. मी सुधारलो, असं म्हणून हे संपवता आलं असतं, पण तसं नाही. पायांत जाणीव परत आली नाही आणि डॉक्टर म्हणते, येईलच असं नाही. आहे ती टिकवायची. तिनं एक गोळी कमी केली, तेवढंच. साहेबांना मी प्रमाणपत्राचं अजून सांगितलेलं नाही. नोकरीचा प्रश्न आहे आणि मी काही फार शूर नाही. कागद भिंतीवरून काढून पेटीत ठेवला आहे. आठवड्यातून एखादी सकाळ अशी येते की सगळं पुन्हा तसंच वाटतं, म्हणजे काहीच वाटत नाही, आणि मी खाटेच्या काठावर बसून राहतो. अशा वेळी मी मनाची तयारी करत नाही. तिथे मोहाखाली ढीग आहे आणि एका माणसाचं खोटं माझ्यामुळे अडकून पडलंय, एवढंच स्वतःला सांगतो आणि बुटात हात घालून चाचपतो. उठायला तेवढं पुरतं.

अजूनही बहुतेक सकाळी भाऊ सोबत असतो. परवा त्याला ताप होता, म्हणून शेजारच्या बीटच्या गस्तीबरोबर गेलो. परतताना त्याच्या घरी डोकावलो. तो अंगणात खाटेवर पडला होता. त्यानं शुगर विचारली नाही, किती किलोमीटर झाले ते विचारलं नाही.

"किती राहले?" तो म्हणाला.

"अर्ध्याच्या वर राह्यले, भाऊ."

"राहू द्या. सरतीन," तो म्हणाला आणि कूस वळला.

आज सकाळी खिंडीत थंडी होती. मी वाकलो. आता वाकता येतं, गुडघ्याला हात लावून. मोहाखालचा एक दगड उचलला. त्यावर दव होतं. माझ्या पायांना त्या वाटेचं काहीही कळलं नव्हतं, पण हाताला तो दगड गार लागला. मी तो थोडा वेळ हातातच धरला. मग म्हणालो, आलो. आणि पलीकडच्या ढिगावर ठेवला.